दहा ते एक

कार्तिक सरत आला की आमच्या बसवनगुडीत शेंगा येतात आणि माझं डोकं फिरतं.

लोकांना या दिवसांचं कोण कौतुक! नंदीच्या देवळापुढचा रस्ता गाड्यांना बंद होतो, दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग लागतात, काही अजून लाल मातीसकट. कढईत वाळू तापते आणि भाजक्या शेंगांचा धूर थेट माझ्या स्वयंपाकघरात येतो. पिपाण्या वाजतात, पोरं हरवतात, सापडतात. सर्जापूर रोडला फ्लॅट घेतलेली पुण्या-नागपूरची नवी मंडळी ट्रॅफिकमधून दोन तास काढून येतात आणि ढिगापुढे उभं राहून फोटो काढतात. कडलेकाई परिशे, शेंगांची जत्रा. मीही पन्नासेक वर्षं हे सगळं हौसेनं केलं आहे. आधी बाबांचा हात धरून, मग ऑफिसला दांडी मारून. आता उकडलेल्या शेंगांचा तो खारट, ओलसर वास आला की मी खिडकी लावून घेते.

शेंगांवर राग काढण्यात अर्थ नाही, हे मला कळतं. त्यांनी काही केलेलं नाही. जे केलं ते चार संस्थांनी मिळून केलं आणि त्यांतली एक आमची होती.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात, दोन वर्कशॉपांच्या मधल्या बोळात, भाग्यक्काचा दवाखाना होता. दवाखाना आपला म्हणायचा. पत्र्याची खोली, एक टेबल, एक बाक, रक्तदाबाचं यंत्र आणि भाग्यक्का. ती नर्स. कुठल्याशा छोट्या ट्रस्टनं तिला तिथे बसवलं होतं आणि आठवड्यातून दोनदा एक म्हातारे डॉक्टर येऊन औषधं ठरवून जायचे. दार उघडायचं संध्याकाळी सहाला, कारण आजूबाजूची पाळी साडेपाचला सुटायची. बायका तशाच यायच्या, हाताला ग्रीस, चपलांना चिकटलेला लोखंडाचा चुरा. खोलीत मशीनवर ओततात त्या कूलंटचा वास आणि डोक्यातल्या मोगऱ्याचा वास एकत्र यायचा. मी महिला मंडळातर्फे तिथे पाहणीला जाऊ लागले होते; सरकारी कारखान्याच्या ड्रॉईंग ऑफिसात तीस वर्षं काढली असल्यामुळे मला तो वास घरचा वाटला.

भाग्यक्काची एक रीत होती. दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरायची, सोडायची आणि आकडा मोठ्यानं सांगायचा, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा. ‘नूरा अरवत्तु!’ म्हणजे कानडीत एकशे साठ. की लागलीच रांग त्या बाईवर तुटून पडायची. लोणचं खातेस का अजून? गोळ्या चुकवल्यास ना? परवा नवऱ्याशी भांडलीस ते सगळ्या गल्लीनं ऐकलंय! ती बाईही गप्प बसायची नाही. आकडा खाली आला असेल तर तोच आवाज वर चढायचा आणि बाकावरच्या बाया तिला जागा करून द्यायच्या. कोणाचा आकडा किती, हे त्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. तिथे खोटा आकडा अर्धा तासही टिकला नसता.

तिथेच मला महानंदा भेटली. भालकीकडची, बिदर जिल्ह्यातली. ड्रिलिंग मशीनवर उभी राहायची, दिवसाला शेकडो भोकं पाडायची. वय चाळिशीच्या आत आणि रक्तदाब एकशे सत्तरच्या वर. माझं मराठी ऐकून ती खूश झाली. ‘बाई, तुमचं बोलणं टीव्हीवानी साफ हाय,’ म्हणाली. तिला मी मापांबद्दल विचारलं, तर तिनं बोटांनी दाखवून सांगितलं की भोक सुताएवढं जरी सरकलं तरी आख्खा नग भंगारात जातो. ‘हात हाललाच न्हाई पायजे,’ म्हणाली. भाग्यक्काच्या गोळ्यांनी दोन महिन्यांत तिचा आकडा एकशे चाळीसवर आला, तेव्हा रांगेनं टाळ्या वाजवल्या. मी पाहिलंय ते.

तर हे असं चाललं होतं, आणि मग आम्ही त्याचं बळकटीकरण केलं.

हा शब्द मी त्या वर्षी इतका ऐकला की आता कुणी उच्चारला तर मला त्याला घराबाहेर काढावंसं वाटतं. एका आयटी कंपनीचं फाउंडेशन, एका बड्या हॉस्पिटलचा ट्रस्ट, कारखानदारांची संघटना आणि आमचं महिला मंडळ. वंचित वस्त्यांतली प्राथमिक आरोग्यसेवा बळकट करण्यासाठी चौघे एकत्र आलो होतो. फाउंडेशननं अ‍ॅप दिलं, हॉस्पिटलनं पडद्यावर दिसणारा डॉक्टर दिला, संघटनेनं पक्की शेड दिली, मंडळानं आम्हा रिकामटेकड्या बायका दिल्या. सात सुगरणी, भाजी अळणी म्हणतात. रक्तदाबवाल्यांना अळणी भाजीच हवी असते म्हणा, पण आम्हाला तीही जमली नाही. पहिल्या तीन बैठका बॅनरवर कोणाचं चिन्ह केवढं असावं यावर झाल्या. आरोग्याचं काय व्हायचं ते झालं, बॅनरच्या दोऱ्या मात्र भलत्याच बळकट होत्या.

चौथी बैठक सर्जापूर रोडला, काचेच्या इमारतीत. ऋचा नावाची फाउंडेशनची मुलगी सगळं सांभाळायची. पुण्याची, तिशीतली, हुशार, कामसू. ती वाईट असती तर मला किती सोपं झालं असतं! वेळ ठरवायची होती. ऋचानं पांढऱ्या फळ्यावर चार वर्तुळं काढली, एकमेकांवर सरकलेली. ‘काकू, सगळ्यांची अव्हेलेबिलिटी प्लॉट करूया, मग ओव्हरलॅप बघूया,’ म्हणाली. हॉस्पिटलचा डॉक्टर अकराच्या सुमारास मोकळा. फाउंडेशनचे स्वयंसेवक ऑफिसच्या वेळातच येणार. संघटनेला दुपारनंतर शेड माल ठेवायला हवी. आणि आम्हा बायकांना संध्याकाळ नको, कारण संध्याकाळी मेट्रोला गर्दी. हे शेवटचं वाक्य माझं. नॅशनल कॉलेजला चढायचं आणि पीण्याला उतरायचं, एकच गाडी, बदलायचीसुद्धा नाही. तरी मी म्हणाले गर्दी, आणि आमच्या मंडळाच्या सगळ्या माना हलल्या. ऋचानं वर्तुळांच्या मधला भाग हिरव्या पेननं रंगवला आणि वर लिहिलं, दहा ते एक.

ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांचं वर्तुळ फळ्यावर नव्हतं. भाग्यक्काला बोलावलंच नव्हतं. जन्मभर कंपासनं वर्तुळं काढून पोट भरलेल्या मलाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. उलट छान जेवण होतं, त्याचं कौतुक करत आम्ही घरी आलो.

नवरात्रात नवी शेड सुरू झाली. आंब्याची तोरणं, टाइल्स, पंखा. दहा ते एक. दहा ते एक या वेळात पीण्यात माणूस कुठे असतो हे शाळेतलं पोरही सांगेल. तो मशीनवर असतो. अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन गोळ्या आणायला जाणारी बाई मुकादमाला दोनदा परवडते, तिसऱ्यांदा तो दुसरी बाई बघतो. मग त्या बायांनी त्यांना सुचेल तो मार्ग काढला. घरात जे कोणी मोकळं असेल त्याच्या हातात कार्ड दिलं आणि धाडून दिलं.

माझ्यासमोर पहिल्यांदा बसल्या त्या काशीबाई, महानंदाची सासू. सत्तरी ओलांडलेल्या, काटकुळ्या, कपाळावर मोठं कुंकू. ‘सूनबाईच्या गोळ्या द्या,’ म्हणाल्या. मी कार्ड अ‍ॅपला दाखवलं. महानंदाचं नाव आलं. पुढचा चौकोन रक्तदाबाचा, आणि तो भरल्याशिवाय गोळ्यांचा चौकोन उघडेना. मी दोनदा बोट आपटलं. काशीबाई माझ्याकडे बघत होत्या. रिकाम्या हातानं परत पाठवलं तर महानंदा पंधरा दिवस गोळीविना राहणार. मागे रांग होती आणि रांगेत सगळे सासवा, सासरे, शेजारणी. मी काशीबाईंचा दंड पुढे ओढला आणि पट्टा बांधला. एकशे अठरा, शहात्तर. चौकोनात लिहिलं. गोळ्यांचा चौकोन उघडला. त्यांनी मला हात जोडले आणि मला त्या दिवशी फार चांगलं वाटलं.

हेच मला पुन्हा पुन्हा आठवतं, की मला चांगलं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यापर्यंत आमच्या सगळ्या बायकांना ही युक्ती कळली होती. जो येईल त्याचा दंड, ज्याचं कार्ड असेल त्याचं नाव. भाग्यक्काला आता औषधांच्या कपाटापाशी बसवलं होतं, कारण मोजायला आम्ही होतो. शिवाय आकडा मोठ्यानं सांगायचा नाही असा नियम झाला होता, रुग्णाची माहिती खाजगी असते म्हणे. तिनं एकदा मला बाजूला घेतलं. ‘अक्का, इदु सरी इल्ला,’ म्हणाली, हे बरोबर नाही. ‘सुनेचं कार्ड, सासूचा दंड. कुणीतरी मरेल.’ आणि मी, या शहरात कुठल्याही गोष्टीवर जे म्हणतात तेच म्हणाले, ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, भाग्यक्का.’ जरा सांभाळून घ्या. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला.

मग कार्तिक आला. फाउंडेशनचे मोठे पाहुणे शेड बघायला येणार होते. मंडळानं ठरवलं, बसवनगुडीहून येतोय तर शेंगा न्यायच्या. मी स्वतः जत्रेतून आणल्या, मोठ्या पातेल्यात मीठ घालून उकडल्या, डबे भरून मेट्रोनं नेल्या. रक्तदाबाच्या दवाखान्यात, रक्तदाबाच्या रुग्णांना आम्ही खारवलेल्या शेंगा वाटल्या आणि पाहुण्यांनी त्याचे फोटो काढले. ‘सो लोकल!’ कोणीतरी म्हणालं. भाग्यक्कानं तिच्या वाटच्या शेंगांना हात लावला नाही.

त्याच दिवशी काशीबाई आल्या. दात नसल्यामुळे एक शेंग नुसतीच चोखत बसल्या होत्या. पाहुण्यांना दाखवायला ऋचानं पडद्यावरच्या डॉक्टरांना जोडलं आणि नेमकं महानंदाचं कार्ड उघडलं, कारण त्या कार्डावरचे आकडे सगळ्यांत देखणे होते. डॉक्टर तरुण, घाईत. उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकलं होतं, या माणसाला तर शेळ्या दिसतही नव्हत्या, नुसते त्यांचे आकडे दिसत होते. ‘एक्सलंट कंट्रोल,’ तो म्हणाला. ‘वय कमी आहे, उगाच औषध कशाला? आजपासून अर्धी गोळी. पुढचं रीडिंग असंच आलं तर बंद करून बघू.’ पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काशीबाईंनाही वाटलं आपल्यासाठीच आहेत, त्या हसल्या.

मी टेबलाशी उभी होते, पडद्यापासून दोन हातांवर. ‘डॉक्टर, ही ती बाई नव्हे,’ एवढंच म्हणायचं होतं. एवढं म्हटलं असतं तर नवरात्रापासूनचे सगळेच आकडे खोटे, हे चार पाहुण्यांपुढे उघडं पडलं असतं. मंडळाची लाज गेली असती, माझी गेली असती. ऋचा माझ्याकडे बघून अंगठा वर करत होती. मी मूग गिळले. तीस वर्षांत मी एका मिलिमीटरच्या चुकीसाठी साहेबांशी भांडलेली बाई आहे, आणि त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही.

पंधरा दिवसांनी माझी पाळी नव्हती. दुसऱ्या कोणीतरी काशीबाईंचा दंड मोजला. पुन्हा देखणा आकडा आला आणि गोळी बंद झाली.

मार्गशीर्षात एका सकाळी भाग्यक्काचा फोन आला. महानंदा मशीनवर कोसळली होती. मुकादमाला वाटलं चक्कर, त्यानं पाणी मारलं. तोंड वाकडं झालेलं बघून कोणीतरी रिक्षा आणली. ती जगली. उजवा हात लुळा पडला. भाग्यक्कानं एवढंच सांगितलं. मला बोलली असती तर बरं झालं असतं, पण तिनं फोन ठेवला.

त्यानंतरच्या बैठकीत मी सांगितलं. उशिरा का होईना, उभं राहून सांगितलं की ते आकडे महानंदाचे नव्हते, मी लिहिलेत, आणि डॉक्टर बोलले तेव्हा मी तिथे होते. कोणी ओरडेल, अशी माझी अपेक्षा होती. कोणीच ओरडलं नाही. हॉस्पिटल म्हणालं, आमच्या डॉक्टरांनी समोर आलेल्या आकड्यांवर बरोबर निर्णय दिला. फाउंडेशन म्हणालं, अ‍ॅप रीडिंग मागतं ते सुरक्षिततेसाठीच. संघटना म्हणाली, आम्ही फक्त जागा दिली. आमच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आम्ही सेवाभावानं येतो, आम्हाला काय माहीत. ऋचाचे डोळे भरले होते, पण तिनं फळ्यावर लिहिलं, ‘डेटा एन्ट्री ट्रेनिंग’. चौघांनी हात झटकले आणि चहा आला. मी विचारलं, वेळेचं काय? संध्याकाळी उघडायचं का? सगळे आपापल्या कॅलेंडरात बघू लागले. ‘काकू, तो लार्जर डिस्कशनचा विषय आहे,’ ऋचा म्हणाली.

मी मंडळ सोडलं. कोणी थांबवलं नाही. भाग्यक्कानंही नोकरी सोडली, आता तुमकूर रोडला एका नर्सिंग होममध्ये आहे, माझा फोन घेत नाही. तिचं बरोबर आहे.

चांगल्या माणसांचा मला आता भयंकर राग येतो. वाईट माणूस निदान दारात उभा राहतो, त्याच्याशी भांडता येतं. चांगली माणसं चहा देतात, शेंगा वाटतात, आणि आपल्या सोयीला दुसऱ्याची गरज असं नाव देतात. हे मी त्यांच्याबद्दल म्हणते तेव्हा स्वतःबद्दलच म्हणते. मला कोणी क्षमा करावी असंही वाटत नाही. उलट कोणीतरी चारचौघांत मला चांगलं फैलावर घ्यावं, असं वाटत राहतं.

यंदा शेंगांच्या गाड्या लागल्या त्याच आठवड्यात ऋचाचा फोन आला. ‘काकू, कशा आहात? आपल्या पार्टनरशिपचा अ‍ॅन्युअल मीट आहे. महानंदाताईंना आणाल का, प्लीज? तुमचं ऐकतील त्या. त्यांची फिजिओथेरपी आपल्याच प्रोग्रॅममधून झाली ना, ती जर्नी लोकांसमोर यायला हवी.’ मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती ऐकून घेत राहिली, मध्ये एकदा ‘सॉरी काकू’ म्हणाली, आणि शेवटी म्हणाली, ‘तरी विचारून बघा ना.’

मी विचारायला गेले. माझं मलाच नवल वाटलं. निमंत्रण हे निमित्त होतं. मला तिच्या तोंडच्या शिव्या खायच्या होत्या, आणि रिकाम्या हातानं जायची हिंमत नव्हती.

संध्याकाळच्या मेट्रोनं गेले. गर्दी होती. उभ्यानं गेले आणि काही झालं नाही.

महानंदा पाळी संपवून नुकतीच घरी आली होती. मशीनवरून तिला काढलं, पण मालकानं पॅकिंगला ठेवलंय, डाव्या हातानं नट-बोल्ट पिशव्यांत भरते. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता आणि बोलता बोलता ती तो डाव्या हातानं उचलून सारखा करत होती. कोपऱ्यात काशीबाई लसूण सोलत बसल्या होत्या. मी चहाला नको म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. पहिला आकडा मी लिहिला. डॉक्टर गोळी कमी करत होते तेव्हा मी शेजारी उभी होते, मला कळत होतं, आणि मी बोलले नाही.

‘म्हाईत हाय,’ ती सासूकडे मान करून म्हणाली. ‘आत्यानं तवाच सांगितलं. टीव्हीवानी बोलणारी बाई हुती मनून.’

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. मी वाट पाहिली. तिनं उजवा हात उचलून पुन्हा मांडीवर सारखा केला. मग मी निमंत्रणाचं सांगून बसले. मोठा कार्यक्रम आहे, तुला बोलवलंय, गाडी पाठवतील, तुला यायचं नसेल तर मी त्यांना स्पष्ट नाही म्हणून सांगते.

‘कवा हाय?’

‘शुक्रवारी. सकाळी अकराला.’

महानंदानं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. तोंडाची उजवी बाजू हलली नाही, डावी हसली.

‘अकराला मला कुटली सुट्टी, बाई? आत्याला धाडते.’

 कोपऱ्यात काशीबाईंनी लसणाची पाटी बाजूला सारली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर नीट केला, आणि फळीवर कार्ड शोधू लागल्या.